पाण्याची चावी

आम्ही कोकणातली माणसे. पाण्याची काळजी म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. जून ते सप्टेंबर पागोळ्यांतून, पऱ्ह्यांतून, गडग्यांवरून पाणीच पाणी, आणि एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो. मे महिन्यात टँकरची वाट पाहायची, हंडे रांगेत लावायचे. दुपारी झुहरच्या वुजूसाठी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी आधी तांब्याभर बाजूला काढावे लागते. पाणी आटते, गढूळ होते, दोन-दोन दिवस येत नाही, हे सगळे आमच्या ओळखीचे आहे. पण पाणी नळातच असावे, आणि नळ सोडला तरी येऊ नये, कारण ते आतल्या आत दगड होऊन बसले आहे, ही गोष्ट आमच्या बोलीत नाही. त्यासाठी आमच्याकडे शब्दही नाही.

तो शब्द नसल्यामुळे काय अडते, हे आम्हाला २०२२ साली आपाच्या घरी कळले.

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. बी.एड. एकाच वर्षी झालो, नोकऱ्याही पाठोपाठ लागल्या. आपा आमची थोरली. लग्न होऊन इंग्लंडला गेली त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. तिचे सासरे बोटीवर खलाशी होते. १९६२ साली, परदेशातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा जुलैमध्ये लागू होण्याच्या थोडे आधी ते बोट सोडून बर्मिंगहॅमला राहिले आणि लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात लागले. त्यांच्या मागे दुलाभाई, आणि दुलाभाईंच्या मागे आपा. दुलाभाई फार दिवसांपासून म्हणत होते, "एकदा या. दिवाळीच्या सुट्टीत या, नाहीतर तुमच्या शाळा तुम्हाला सोडायच्या नाहीत." त्यांनी स्वतःच निमंत्रणाचे पत्र पाठवले, व्हिसा झाला, ऑक्टोबरची तिकिटे निघाली. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री फोन आला. हृदयविकाराचा झटका. दुलाभाई गेले.

तिकिटे तीच राहिली. पाहुणे म्हणून जायचे होते, पुरशाला गेलो.

आमच्या आधी नात्यातल्या लोकांचा निर्णय तिथे जाऊन पोहोचला होता. मुंबईहून, कुवेतहून, गावाहून फोन येत होते. सगळ्यांचे म्हणणे एकच : इद्दत संपली की आपाला घेऊन या. एकटी बाई त्या थंडीत काय करणार? मुलगा नाही, एकच मुलगी, तीही दुसऱ्या शहरात कॉलेजला. घर विकावे, पैसे बँकेत टाकावेत आणि माहेरी यावे. सगळे जण आपाच्या भल्याचेच बोलत होते. फक्त आपाला कोणी विचारले नव्हते.

आपाने पहिल्याच रात्री आम्हाला सांगितले, "मी येणार नाही. माझी मुलगी इथे आहे. माझी कबर पाहायची जागा इथे आहे. पण मला या घराची भीती वाटते."

भीती कसली, असे आम्ही विचारले. आम्हाला वाटले, रात्रीची, एकटेपणाची, चोरीची. ती म्हणाली, "थंडीची. दर नोव्हेंबरला ते काहीतरी करायचे. मागच्या पडवीत जायचे, शिडी लावायचे, सिंकखाली वाकायचे, बाहेरचा नळ बंद करायचे. काय करायचे, मी कधी पाहिले नाही. मी आतून चहा द्यायची."

वाचकहो, आपा अडाणी नाही. तिने तिथल्या प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली आहे. बँक, दवाखाना, मुलीची फी, सगळे तिच्या हातचे. पण भिंतीच्या आतल्या नळांचा नकाशा दुलाभाईंच्या डोक्यात होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला. आपल्याकडेही असेच नाही का? मोटारीचा फ्यूज कुठला, टाकीचा व्हॉल्व्ह कुठला, गॅसची नळी कधी बदलली, हे 'अब्बांना माहीत'. बाईने पाणी भरायचे, तापवायचे, जपायचे, पण पाण्याची चावी कुठे आहे हे तिला कोणी दाखवत नाही. दाखवायचे नाही असे कोणी ठरवलेले नसते. दाखवायचे राहून जाते, एवढेच.

आमची सुट्टी तीन आठवड्यांची. आम्ही ठरवले, या तीन आठवड्यांत घर थंडीसाठी तयार करायचे, आणि आपण करून द्यायचे नाही, आपाकडून करून घ्यायचे. शिक्षकाचा हा एक गुण म्हणा की खोड म्हणा.

घर ओळीतले, शंभर वर्षांहून जुने, विटांचे. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे न्हाणीघर, आणि त्याला लागून पत्र्याच्या छपराची एक थंडगार पडवी. पाणी रस्त्यातल्या नळातून जमिनीखालून घरात शिरते. तिथल्या नळांचे पाणीही फार दुरून येते. वेल्समधल्या एलान खोऱ्यात धरणे बांधून बर्मिंगहॅमसाठी ७३ मैलांचा जलमार्ग काढला आहे. १९०४ साली तो सुरू झाला आणि पाणी पंपाविना, केवळ उताराने शहरापर्यंत येते. आम्ही हे आपाला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "७३ मैल आले, आणि माझ्या पडवीतल्या तीन हातांत अडणार?" त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

पहिले काम, मुख्य कॉक शोधणे. हा कॉक बंद केला की घरातले सगळे पाणी बंद. बहुतेक घरांत तो स्वयंपाकाच्या सिंकखाली असतो. आपाच्या घरीही तिथेच निघाला, फिनेलच्या बाटल्या आणि जुन्या पिशव्यांच्या मागे. पितळेचा, हिरवट पडलेला. आपाने हात लावला तर हलेना. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक असाच जाम होतो. जोर करायचा नाही, मोडला तर पंचाईत. थोडे तेल, थोडा वेळ, पुन्हा थोडे इकडे, थोडे तिकडे. तिसऱ्या दिवशी तो फिरला. आपाने तो पूर्ण बंद केला, घरातला नळ सोडून पाणी थांबल्याची खात्री केली, पुन्हा पूर्ण उघडला आणि पाव फेरा मागे घेतला. असा मागे घेऊन ठेवला की तो उघड्या स्थितीत घट्ट बसत नाही. मग भाचीने एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'पाणी इथे बंद होते' असे लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवले. उर्दूत आणि इंग्रजीत.

दुसरे काम, नळांना कपडे घालणे. तिकडे करड्या फोमच्या नळ्या मिळतात, लांबीला चिरलेल्या. पाण्याच्या नळीवर त्या बसवायच्या, जोडावर चिकटपट्टी लावायची, कोपऱ्यावर तिरके काप देऊन दोन तुकडे जुळवायचे. मध्ये बोटभर जागाही उघडी राहू द्यायची नाही. थंडी त्याच बोटभर जागेतून शिरते. घरातल्या बहुतेक नळ्या १५ मिलिमीटरच्या, काही २२ च्या. त्या मापाच्याच फोमच्या नळ्या घ्याव्या लागतात. आपा म्हणाली, "ही तर नळाची गोधडी." आम्हाला शब्द सापडला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला गोधडीच म्हणतात. पण गोधडीचा गुण आणि मर्यादा दोन्ही तिला सांगावे लागले. गोधडी स्वतः ऊब देत नाही, आतली ऊब धरून ठेवते. आतले पाणी दोन-तीन दिवस तसेच पडून राहिले आणि घरात आगटीच नसेल, तर गोधडीतले पाणीही शेवटी गोठतेच.

म्हणून तिसरी गोष्ट, घर अगदी थंड पडू द्यायचे नाही. आणि नेमके इथेच त्या वर्षी अडत होते. गॅस-विजेचे दर इतके वाढले होते की सरकारला १ ऑक्टोबर २०२२ पासून दरांना लगाम घालावा लागला. तरीही सरासरी वापराच्या घराला वर्षाला २,५०० पौंडांच्या आसपास बिल येणार होते. हिवाळ्यासाठी प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत सहा हप्त्यांत मिळणार होती, पण लोक घाबरले होते. आपाही. दुलाभाईंचा पगार बंद झालेला. ती दिवसभर दोन स्वेटर घालून बसायची आणि हीटर फक्त मगरिबनंतर तासभर लावायची. आम्ही तिला समजावले, सगळे घर ऊबदार ठेवू नकोस, पण कडक थंडीच्या दिवसांत मंद आच चोवीस तास राहू दे. सिंकखालचे कपाट रात्री उघडे ठेव, म्हणजे खोलीतली ऊब नळांपर्यंत जाईल. एक नळी फुटली, तर वाचवलेल्या गॅसच्या कितीतरी पट पैसे छत आणि गालिच्यांत जातील.

चौथी गोष्ट बॉयलरची. आजकालचे बॉयलर धुरातली ऊबही वापरून घेतात. त्यामुळे आत पाणी ठिबकते आणि ते एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर जाते. ही नळी गोठली की पाणी मागे तुंबते आणि बॉयलर आपोआप बंद पडतो. म्हणजे ऐन थंडीत ऊब बंद. २०१० च्या डिसेंबरात त्या देशात अशी पुष्कळ घरे गारठली होती. उपाय साधा : बाहेरच्या नळीला पावसात टिकणारी गोधडी, आणि तरी गोठलीच तर तिच्यावर कोमट पाणी ओतायचे. उकळते नाही. उकळत्या पाण्याने नळी तडकते आणि ओटा निसरडा होतो. बॉयलरचे झाकण मात्र आपण उघडायचे नाही. ते काम परवाना असलेल्या माणसाचे. एक प्लंबर येऊन बॉयलर तपासून गेला. तेव्हा एका नात्यातल्या बाईंनी फोनवर हरकत घेतली, इद्दतीत परका पुरुष घरात कसा? आपाने मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घेतले. ते म्हणाले, गरजेच्या कामाला मनाई नाही, तुमचा भाऊ घरात आहे, पडद्याचा लिहाज ठेवा, पुरे. आम्ही कोकणी मुसलमान मसलकाने शाफई. आमच्याकडे इद्दतीचे नियम बायकांना तोंडपाठ असतात. पण नियमात किती जागा आहे, हे विचारायची हिंमत थोड्याच जणी करतात.

आता पडवीतल्या नळाचे.

आपाचे सासरे १९६२-६३ च्या थंडीत तिकडे नवे होते. तो हिवाळा इंग्लंडमध्ये अजून सांगितला जातो. जानेवारी १९६३ मध्ये मध्य इंग्लंडचे महिन्याचे सरासरी तापमानच उणे २.१ अंश होते. दहा-बारा जण एका घरात, शौचालय मागच्या अंगणात, नळ तिथेच. नळ गोठला की ते लोक भांड्यात बर्फ वितळवून वुजू करायचे, असे सासरे सांगायचे. पुढे म्हातारपणी त्यांना बेसिनवर पाय उचलता येईना. तेव्हा दुलाभाईंनी पडवीत बुटका नळ बसवला, समोर सिमेंटचा छोटा ओटा केला, अगदी गावच्या मशिदीच्या हौदावर बसल्यासारखे बसून वुजू करता येईल असा. सासरे गेले, पण नळ राहिला. नंतर दुलाभाई स्वतः तिथेच वुजू करायचे. शेवटच्या दिवशीही मगरिबचे वुजू त्यांनी तिथेच केले होते.

आणि घरातला सर्वांत धोक्याचा नळ तोच होता. पत्र्याखाली, बाहेरच्या भिंतीला चिकटून, ऊब नाही, दार फटींचे. अशा नळाला गोधडीही पुरी पडत नाही. खरा उपाय एकच. घराच्या आतल्या बाजूला त्या नळीवर वेगळा कॉक बसवायचा, थंडीआधी तो बंद करायचा, बाहेरचा नळ उघडून नळीतले सगळे पाणी काढून टाकायचे आणि नळ तसाच उघडा ठेवायचा. रिकाम्या नळीत गोठायला काही नसते.

आपा म्हणाली, "तो बंद नाही करायचा."

आम्ही गप्प राहिलो. ती म्हणाली, "घरातली एवढी एकच वस्तू आहे जिला ते रोज पाच वेळा हात लावायचे. ती तुम्ही सुकवून टाकणार?"

दोन दिवस हा विषय निघाला नाही. आम्ही बाकीची कामे केली. खरे सांगायचे तर आम्हाला शब्द सापडत नव्हते. शेवटी आपणच तिने विचारले, "नळ फुटतो तो कसा? नीट सांगा. शाळेत सांगता तसे."

आम्ही सांगितले. दहावीच्या विज्ञानात पाण्याचे असंगत आचरण आहे. इतर पदार्थ थंड होताना आकसतात. पाणी मात्र ४ अंशांपर्यंत आकसते, आणि त्याखाली पुन्हा प्रसरण पावू लागते. बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. 'थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात, कारण द्या' हा प्रश्न आमच्या मुलांना नेहमीचाच. पण उत्तराला पुढे आणखी एक पायरी आहे. नळी बहुधा बर्फाच्या जागीच फुटते असे नाही. बर्फाचा बुचासारखा गोळा तयार होतो आणि वाढत जातो. तो गोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकते, त्याला जायला जागा नसते. दाब वाढत जातो, वाढत जातो, आणि नळी जिथे कच्ची असेल तिथे चिरते. आणि तेव्हाही काही दिसत नाही, कारण बर्फाने वाट अडवलेली असते. थंडी सरते, बर्फ वितळतो, आणि मग पाणी बाहेर येते. लोकांना वाटते, संकट थंडीचे. पाणी घरात शिरते ते ऊन पडल्यावर.

"म्हणजे तोटी उघडी असली तर फुटत नाही?"

"दाबाला वाट मिळते. म्हणून फार कडक थंडीत काही ठिकाणी लोक नळाची बारीक धार सोडून ठेवतात."

"तसे करू. धार सोडू. खाली बादली ठेवू, पाणी वाया नको. वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी जपून वापरा, असे अब्बा लहानपणी सांगायचे, आठवते ना?"

बादली किती वेळा रिकामी करणार, रात्री कोण उठणार, आणि पडवीतले तापमान उतरले तर धारही पुरेल का, हे आम्ही तिला विचारले. तिने उत्तर दिले नाही. रात्री इशानंतर ती एकटीच पडवीत गेली. आम्ही आत होतो. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. सकाळी ती म्हणाली, "बसवा आतला कॉक. पण नळ मी रिकामा करीन. तुमच्यापैकी कोणी नाही."

प्लंबरने आतल्या भिंतीवर कॉक बसवला. आपाने तो फिरवला, पडवीत जाऊन ओट्यावर बसली, नळ सोडला. आधी धार, मग बारीक धार, मग थेंब. थेंब थांबेपर्यंत ती बसून होती. मग उठली, पदराने हात पुसला आणि म्हणाली, "मार्चमध्ये पुन्हा चालू करायचा आहे, लिहून ठेवा."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळा उघडल्या. आम्ही परतलो. नात्यातल्या लोकांनी विचारले, "आपाला आणले नाही?" आम्ही म्हणालो, "ती राहतेय." कोणालाच ते पटले नाही. आमच्याही मनात धाकधूक होतीच.

डिसेंबरात खरी थंडी पडली. ७ तारखेच्या सुमारास सुरू झाली ती आठवडाभराहून अधिक हटली नाही. १३ डिसेंबरला स्कॉटलंडमध्ये ब्रेमार येथे उणे १७.३ अंश तापमान नोंदले गेले. बर्मिंगहॅमला तेवढे नसले तरी रात्री शून्याच्या बऱ्याच खाली. आम्ही रोज व्हिडिओ कॉल करायचो. इकडे आम्ही पंख्याखाली, तिकडे आपा टोपीत. ती आम्हाला मोबाईल फिरवून दाखवायची : हे बघा सिंकचे कपाट उघडे, ही बॉयलरची गोधडी, हा पडवीतला नळ, तोंड उघडे, कोरडा. एका सकाळी बॉयलर बंद पडला. आतून गुडगुड आवाज आला आणि आकडा लुकलुकू लागला. तिने आम्हाला फोन केला नाही. किटलीतले पाणी कोमट होईपर्यंत थांबली, दाराबाहेर दोन पावले जाऊन नळीच्या उघड्या राहिलेल्या टोकावर ओतले, बॉयलर पुन्हा सुरू केला आणि मग आम्हाला निरोप पाठवला : 'झाले.'

१८ तारखेला रविवारी हवा पालटली. रात्री ऊब आली, पाऊस आला. सोमवारी आपाच्या दारावर थाप पडली. शेजारची आयरिश म्हातारी, रात्रीच्या कपड्यांत, पायात सपाता. दुलाभाई गेले त्या दिवशी पहिली तीच आली होती. बिलाच्या भीतीने तिने पंधरा दिवस एकाच खोलीत हीटर लावला होता. बाकी घर गार. तिच्या माळ्यावर जुन्या पद्धतीची पाण्याची टाकी. मागे कोणीतरी माळ्याच्या जमिनीवर जाड आच्छादन घालून दिले होते. त्याने खालची खोली ऊबदार राहते, पण खालची ऊब वर जात नाही, माळा आणखी थंड होतो. म्हणून माळ्यावरच्या नळ्यांना आणि टाकीला वेगळी गोधडी लागते, आणि टाकीच्या बरोबर खालची जागा मात्र उघडी ठेवतात, म्हणजे खालची ऊब तिला लागते. तिच्या घरी हे काहीच नव्हते. आता झोपायच्या खोलीच्या छतातून पाणी कोसळत होते, दिव्याच्या तारेवरून.

आपाने तिला विचारले, "पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे?"

म्हातारी म्हणाली, "तो बघायचा." तो म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

आपा इद्दतीत होती. अजून तीन आठवडे बाकी होते. या साडेतीन महिन्यांत ती दारापुढच्या दोन पावलांपलीकडे गेली नव्हती. तिने डोक्यावर ओढणी घेतली, आणि गेली. आधी विजेचा मेन स्विच बंद केला. ओल्या भिंतीवरच्या एकाही बटणाला हात लावला नाही. मग सिंकखाली वाकली, बाटल्या बाजूला सारल्या, आणि कॉक सापडला. घट्ट होता. तिने फडक्याने धरून थोडा इकडे, थोडा तिकडे केला. फिरला. मग घरातले सगळे थंड नळ सोडले, म्हणजे टाकीत उरलेले पाणी छतातून न येता नळांतून जाईल. म्हातारीला आपल्या घरी आणली, हीटरजवळ बसवली, चहा दिला.

आम्ही मधल्या सुट्टीत मोबाईल पाहिला तेव्हा तिचा निरोप होता. सगळे सविस्तर लिहिले होते, आणि शेवटी : 'मी बाहेर गेले. लोक बोलतील.'

बोललेही. पण इमामसाहेबांनी सांगितले, गरजेला दिवसा बाहेर पडायला मुभा आहे, आणि शेजाऱ्याचे घर बुडत असताना याहून मोठी गरज कोणती? विषय तिथेच मिटला. पुढे तिने आम्हाला एकच वाक्य म्हटले, ते आम्ही विसरलो नाही : "तिचा नवरा गेला तेव्हा तिलाही कोणी सिंकखाली दाखवले नव्हते."

जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आपाची इद्दत संपली. घर विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. तिने मार्चमध्ये पडवीतला नळ सुरू केला, नोव्हेंबरात पुन्हा रिकामा केला, आणि दर वर्षी करते. आता त्या ओळीतल्या तीन-चार म्हाताऱ्या ऑक्टोबर संपताना तिला बोलावतात. ती जाते, कॉक फिरवून दाखवते. फिरवून देत नाही, त्यांच्याकडून फिरवून घेते.

आम्ही दोघे आपापल्या शाळेत दहावीला तोच धडा शिकवतो. मुलांना जवळचे उदाहरण काश्मीरचे देतो. थंडीत शाली घेऊन आमच्या गावात येणारे काश्मिरी त्यांनी पाहिलेले असतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे चिल्लई कलान असते आणि श्रीनगरात सकाळी नळ गोठलेले असतात, हे सांगितले की प्रश्न एकदम खरा होतो. आणि धडा संपला की एक गृहपाठ देतो, जो पुस्तकात नाही : आपल्या घरातली पाण्याची मुख्य चावी कुठे आहे ते शोधा, ती बंद करून पुन्हा उघडा, आणि आईला दाखवा.

पहिल्या वर्षी बहुतेक मुली दुसऱ्या दिवशी सांगत आल्या, "सर, अम्मी म्हणाली, अब्बांना विचार." आम्ही म्हटले, विचारा. पण परत येऊन अम्मीला दाखवा, आणि अम्मीचा हात लावून फिरवा. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण झाला असे धरणार नाही.